नागीण, करंजी आणि पायातून निसटलेली चप्पल

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या महिन्यात एका रात्री साडेदहाला आमच्याच सोसायटीतल्या वहिनींचा फोन आला. आवाज कापत होता. "मॅडम, सासऱ्यांना नागीण निघालीय. पाठीपासून सुरू झाली आणि बेंबीकडे चाललीय. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो म्हणतात. जुळणार नाही ना हो?"

मी म्हटलं, "जुळणार नाही. पण उद्या सकाळी पहिलं काम डॉक्टरांकडे जायचं. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं तर त्याचा उपयोग जास्त. गेरूबिरू लावू नका." गेरू अर्थात लावून झाला होता.

जुळणार नाही, असं मी इतक्या ठामपणे कशाच्या जोरावर सांगितलं? पाठीच्या कण्याच्या. आयुष्यभर मी मेडिकलच्या मुलांना शरीररचनाशास्त्र शिकवलं, आणि कणा हा त्यातला माझा लाडका धडा. आज त्याच्याविषयीच बोलायचं आहे.

लहानपणी आपल्याला कांजिण्या येतात आणि बऱ्या होतात. त्यांचा विषाणू मात्र शरीर सोडून जात नाही. तो मज्जातंतूंमधून आत शिरतो आणि कण्याच्या कडेला, नसेच्या म्हणजे मज्जातंतूच्याच मुळाशी, तुरीच्या दाण्याएवढ्या एका गाठीत जाऊन झोपतो. तिथं तो चाळीस-पन्नास वर्षंसुद्धा झोपून राहतो. वय झालं, अंगातली ताकद उतरली, की एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि त्याच नसेवरून उलटा प्रवास करत कातडीवर येतो. त्या नसेची हद्द जिथवर, तिथवरच पुरळ. आणि उजव्या बाजूची नस उजवीकडेच, डावीची डावीकडेच. दोघींची हद्द शरीराच्या बरोबर मधल्या रेषेवर संपते. म्हणून ही नागीण पाठीच्या मणक्यापाशी सुरू होते आणि समोर बेंबीच्या रेषेशी थांबते. अर्धाच कमरपट्टा. दोन्ही बाजूंना निघण्याचा प्रकार अगदी क्वचित, तोही बहुतेक प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसात. आणि तिथंही पट्टा जुळला म्हणून माणूस जात नाही.

कण्यातून अशा नसांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. मानेतून ८, छातीच्या भागातून १२, कमरेतून ५, त्याखालच्या त्रिकास्थीतून ५ आणि माकडहाडापाशी एक. प्रत्येक जोडीनं कातडीचा आपापला पट्टा वाटून घेतलेला. मी वर्गात सांगायचे, या शरीराच्या पेठा आहेत. बेंबी छातीच्या दहाव्या नसेच्या पेठेत. छातीवर स्तनाग्राची रेषा चौथ्या नसेची. हाताचा अंगठा मानेच्या सहाव्या नसेचा, मधलं बोट सातव्या, करंगळी आठव्या. पायाचा अंगठा कमरेच्या पाचव्या नसेकडे, पायाची करंगळी त्रिकास्थीच्या पहिल्या नसेकडे. आणि पेठांसारखंच इथंही हद्दीचं भांडण आहे. सदाशिव नेमकी कुठं संपते आणि नारायण कुठं सुरू होते, हे तिथं जन्म काढलेला माणूसही छातीठोक सांगणार नाही. नसांचंही तसंच. शेजारच्या दोन पट्ट्यांची हद्द एकमेकींवर चढलेली असते. त्यामुळे मधली एकच नस निकामी झाली तर कातडी पार बधिर होतेच असं नाही, दोन्ही शेजारणी थोडं थोडं सांभाळून घेतात.

आता मणके. जन्मतः ३३. मोठेपणी त्रिकास्थीचे पाच एकमेकांत मिसळून एक हाड होतं, माकडहाडाचे चार साधारण एक होतात. सुटे राहतात २४. मानेत सात, आणि गंमत म्हणजे जिराफाच्या मानेतही सातच. मानेचा पहिला मणका डोकं तोलतो, 'हो' म्हणताना मान हलते ती त्याच्या आणि कवटीच्या सांध्यात. 'नाही' म्हणताना पहिला मणका दुसऱ्याभोवती फिरतो. आमच्या काळी होस्टेलवर प्रत्येकाच्या खाटेखाली हाडांची पिशवी असे. मणके सुतळीत ओवून ठेवायचे, म्हणजे क्रम चुकायला नको. सुटीत ती पिशवी घरी नेली तर आजी घरात घेऊ देत नसे. माझी पिशवी दोन वर्षं जिन्याखाली राहिली.

या मणक्यांच्या मधल्या पोकळीतून मेरुरज्जू, म्हणजे मेंदूपासून खाली आलेला मज्जातंतूंचा दोर, जातो. पुरुषात सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, बायकांत थोडा कमी, जाडीला आपल्या करंगळीएवढा. म्हणजे कण्याची लांबी सत्तर सेंटिमीटरच्या आसपास, आणि रज्जू मात्र कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. असं का? आईच्या पोटात तिसऱ्या महिन्यात तो पोकळीभर पुरतो. पुढे हाडं भराभर वाढतात, रज्जू मागे पडतो. जन्माच्या वेळी तो तिसऱ्या मणक्यापर्यंत असतो, मोठेपणी आणखी वर. खालच्या नसांना मात्र आपापल्या जुन्या दारातूनच बाहेर पडायचं असतं, म्हणून त्या लांबत खाली येतात. हा झुबका जुन्या शरीरशास्त्रज्ञांना घोड्याच्या शेपटीसारखा दिसला. आपण अश्वपुच्छ म्हणतो.

इथं जरा थांबते, कारण या एका गोष्टीवरून घरोघरी तक्रार ऐकू येते. "सिझरच्या वेळी कमरेत सुई दिली ना, तेव्हापासून माझी कंबर गेली ती गेलीच." बायांनो, ती सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून जाते. तिथं रज्जू नसतोच. असतं पाणी, आणि त्यात तरंगणाऱ्या शेपटीच्या नसा. सुई आली की त्या बाजूला सरकतात, पाण्यातल्या शेवया चमच्यापुढे सरकतात तशा. डॉक्टर दोन्ही हातांनी तुमच्या कमरेची वरची हाडं चाचपतात. ती जोडणारी रेषा चौथ्या मणक्यावरून जाते, तोच त्यांचा पत्ता. सुईच्या जागी चार दिवस दुखेल. डोकं दुखू शकतं, कारण त्या भोकातून थोडं पाणी पाझरतं. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं खापर त्या सुईवर फोडायला आधार सापडत नाही. बाळ कडेवर, कमरेत वाकून धुणी, रात्रीची जागरणं, त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करण्याची ही युक्ती १८९८ साली जर्मनीत कील इथं ऑगस्ट बिअर नावाच्या सर्जननं केली. नंतर त्यानं आणि त्याच्या सहायकानं ती एकमेकांवर करून पाहायचं ठरवलं. बिअरवरचा प्रयोग फसला, पाणी सांडलं. सहायकाला मात्र औषध पोचलं, आणि बिअरनं त्याच्या नडगीवर हातोडी मारून पाहिली. दुखलं नाही. नडगी दुसऱ्या दिवशी दुखली. डोकं दोघांचंही.

अश्वपुच्छाविषयी एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. कंबरदुखीबरोबर बैठकीची जागा, म्हणजे घोड्यावर बसलं की खोगिराला टेकेल तेवढा भाग, बधिर वाटू लागला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर सोमवारची वेळ घ्यायची नाही. त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठायचं.

दोन मणक्यांमध्ये असते ती गादी. लोक म्हणतात गादी सरकली. सरकत नाही हो, फुटते. बाहेर चिवट धाग्यांची कडी, आत मऊ गर. तळणात करंजी फुटते आणि सारण बाहेर येतं, तसा गर मागच्या बाजूनं बाहेर येतो आणि शेजारच्या नसेला टेकतो. बहुतेक वेळा कमरेच्या अगदी खालच्या दोन गाद्यांपैकी एक. मग दुखतं कुठं? मांडीच्या मागून पोटरीत, पावलापर्यंत. चमक अंगठ्याकडे गेली तर पाचवी नस, टाचेकडे आणि करंगळीकडे गेली तर त्याखालची. पायात काहीच बिघडलेलं नसतं. मेंदूला तार आली ती त्या पेठेची, म्हणून तो पाय चोळायला सांगतो. बरेचसे रुग्ण काही आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात, शरीर तो बाहेर आलेला गर हळूहळू जिरवतं. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची जुनी पद्धत होती ना, तिला यश यायचं ते याचमुळे. दुखणं आपोआप बरं व्हायच्या वाटेवरच असायचं, श्रेय पायाळूला.

आता रज्जूच्या आतल्या वाटा. इथं मला पुण्याची नदीच लागते. मज्जातंतूतून येणाऱ्या संवेदना दोन प्रकारच्या प्रवाशांसारख्या आहेत. चटका, टोचणी, थंडगार स्पर्श हे एका गटाचे. ते रज्जूत शिरले की लगेच, एकदोन मजल्यांतच, पलीकडच्या बाजूला जातात आणि मग वर चढतात. राजाराम पुलावरच नदी ओलांडल्यासारखे. दुसऱ्या गटात हलका नेमका स्पर्श, थरथर, आणि आपलं पाऊल कुठं आहे याची जाण. हे ज्या काठानं आले त्याच काठानं थेट वर जातात आणि डोक्याच्या तळाशी, लंबमज्जेत ओलांडतात. म्हणजे अगदी संगम पुलापर्यंत काठाकाठानं.

आता मधे कुठंतरी एकाच काठाचा रस्ता खचला तर काय होईल? या काठावरचे, पुढे ओलांडणारे प्रवासी अडकतील. आणि पलीकडून आधीच ओलांडून इकडे आलेले, तेही अडकतील. नेमकं हेच १८५० च्या सुमारास ब्राउन-सेकार नावाच्या, मॉरिशसमध्ये जन्मलेल्या डॉक्टरनं दाखवून दिलं. पाठीत सुरा लागून रज्जूचा उजवा अर्धा भाग कापला गेला, तर उजवा पाय लुळा पडतो, त्याला आपली जागा कळत नाही. पण चटका कळत नाही तो डाव्या पायाला. पहिल्यांदा ऐकलं की मुलं वहीत वेड्यासारखे बाण काढत बसायची. पुलांचं उदाहरण दिलं की बाण थांबायचे.

न्यूरॉलॉजिस्ट कापूस, टाचणी आणि नादकाटा घेऊन का बसतात, ते आता लक्षात येईल. टाचणी पहिल्या वाटेसाठी, सेकंदाला १२८ कंपनं करणारा नादकाटा दुसऱ्या. घोट्याच्या हाडावर तो टेकवून विचारतात, "थरथर कळतेय? थांबली की सांगा." एमआरआयचं यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून डॉक्टर असं मणक्याच्या मजल्यापर्यंत पोचत होते.

मी काही रोगी तपासणारी डॉक्टर नव्हे. पण एक गृहस्थ ओळखीचे, बँकेतून निवृत्त. म्हणाले, तोंडाला साबण लावला की तोल जातो. डोळे तपासून झाले, कान तपासून झाले. मग सहज म्हणाले, "परवा रस्त्यात चप्पल पायातून कधी निसटली कळलंच नाही. मागून एका पोरानं ओरडून सांगितलं." मी त्यांना भिंतीपाशी पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. डोलायला लागले, मी धरलं. डोळे उघडे असताना ते पायाची उणीव नजरेनं भरून काढत होते. नजर मिटली की पाऊल कुठं आहे हेच मेंदूला कळेना. म्हणजे खराबी दुसऱ्या वाटेची.

पक्के शाकाहारी, दूध आवडत नाही, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन कित्येक वर्षं. या गोळीनं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि भाज्या-डाळींत ते मुळात नसतंच. ते कमी पडलं की मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं, आणि रज्जूतली ही काठाकाठानं जाणारी वाट पहिल्यांदा सापडते. हे आपल्याकडे दुर्मीळ नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांमध्ये बी-१२ मोठ्या प्रमाणात कमी असल्याचं केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटानं दाखवलेलं आहे. गृहस्थांना मी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. रक्त तपासलं, इंजेक्शनं सुरू झाली. वेळ गेला की हे नुकसान पुरतं भरून येत नाही, त्यांचं सुदैव की लवकर आले.

परवा सारसबागेच्या गणपतीपाशी भेटले. मी काही विचारायच्या आतच त्यांनी उजवा पाय पुढे केला, चप्पल अंगठ्यावर लोंबकळवली आणि म्हणाले, "बघा, आता निसटायला लागली की कळतं."