पिनबॉलचा कोपरा

(सुताराचं छप्पर. भिंतीला तिफन, वखर. मधे आडवं ठेवलेलं रंगीत लाकडी खोकं.)

अचलपूर तालुका, सातपुड्याचा पायथा. पेरणीच्या तोंडावर मिस्त्रींच्या या छपराखाली तिफनी आणि वखरांची रांग लागते. सध्या मधली जागा अडवलीय ती पिनबॉलच्या यंत्रानं. पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर गोळी खेळवायचा खेळ. यंत्र शिकागोत बनलेलं, नाणं टाकून खेळायचं. यंत्राचा मालक जत्रेतला खेळवाला. त्याच्या वडिलांनी ते मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलं आणि बहिरमच्या जत्रेत कित्येक हिवाळे मांडलं.

खेळाचा इतिहासही भारी. गोळी परत वर मारणारे फ्लिपर आले १९४७ मध्ये. तोवर गोळी सोडायची आणि नशिबावर हवाला ठेवायचा, त्यामुळं जुगाराचा शिक्का बसला. न्यूयॉर्क शहरात १९४२ साली बंदी आली, जप्त केलेली यंत्रं हातोड्यांनी फोडली गेली. बंदी उठायला १९७६ उजाडलं. हे यंत्र त्या हातोड्यांच्या नंतरचं. याला मारलं ते टेम्पोनं.

(जवळून: पुढचा डावा कोपरा.)

हा कोपरा बघा. रंग उडालाय, प्लायचे पापुद्रे सुटलेत आणि खालचं टोक जागेवर नाहीच. प्लाय एकोणीस एमएमची, मिस्त्रींच्या हिशेबात सहा सूत. दोन फळ्या इथं तिरक्या कापून जोडल्यात, आतून तिकोनी ठोकळा. बाहेरून पत्र्याचा काटकोनी पाय, तीन सुती दोन बोल्टांवर. शंभर किलोच्या वरचं वजन अशा चार कोपऱ्यांवर. त्यात खेळणारा तळहातानं यंत्राला धक्के देतो, तो खेळाचाच भाग. दर धक्क्याला पायाची कड रंगात रुतते. बोल्ट ढिला असला की ती लाकूड कुरतडते. मग कुणीतरी बोल्ट जोर लावून कसतो, कोपरा आत दबतो, आणि गोळी दर डावाला एकाच अंगाला पळते.

(मिस्त्री, कोपऱ्यावर अंगठा दाबून) “लाकूड सडलं नाही, बापा. सुटलं फक्त. सडलं असतं तं कापलं असतं. सुटलेलं धरता येते. काहून कापाचं मंग?”

कापायचा सल्ला मात्र सगळ्यांनी दिला होता. नवी प्लाय, वर सनमायका, झटपट काम. सनमायका लावल्यावर कपाट उरतं, यंत्र नाही.

(पाय निघतात. मिस्त्री आत डोकावतात.)

आत कड्यामध्ये एक ओळंबा लटकतोय. यंत्र जास्त हलवलं की तो कड्याला टेकतो आणि डाव संपतो. मिस्त्री तो बोटानं हलवून बघतात. परत एकदा हलवतात.

आता चिकटवणं. पापुद्र्यांतली धूळ सायकलच्या पंपानं उडवली. फेविकॉलमध्ये थोडं पाणी घातलं, ते सिरिंजमध्ये भरलं, आणि सुई सगळ्यात आतल्या फटीपासून. दुसऱ्या टोकाला ओघळलं म्हणजे पोचलं. ओल्या फडक्यानं पुसून वर प्लास्टिकचा कागद, त्यावर लाकडी पट्ट्या, मग शिकंजा. प्लास्टिक विसरलं तर पट्टीही यंत्राचीच होऊन बसते. रात्रभर हात लावायचा नाही.

तुटलेल्या टोकासाठी अरल्डाइटमध्ये सागाचा बारीक भुसा. सेलोटेप गुंडाळलेल्या दोन पट्ट्यांचा साचा, गुण्या लावून काटकोनात. भरण मुद्दाम जास्त ठेवलंय. कडक झाल्यावर कानस, मग पॉलिश पेपर, तोही लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, कारण नुसत्या बोटानं घासलं की कड गोल होते. आतला ठोकळा एका जुन्या सागवानी चौकटीतून काढला. पटाशीचे हे हात बघत राहावेत.

रंग फक्त भरलेल्या जागेवर. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तिथं पेपर ओला आणि तोंडाला रुमाल.

(स्टीलचा वाकवलेला पत्रा, हातात.)

नुसतं भरून भागत नाही, कुरतडणारा पाय तोच आहे. म्हणून हा पत्रा, परतवाड्याच्या एका ट्रंकवाल्यानं वाकवलेला. बोल्टांसाठी दोन भोकं. लाकडाकडच्या अंगाला जाड फेल्ट, भजनी मंडळाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्याकडून मिळालेलं. पत्र्याची कड पायाच्या कडेपेक्षा जराशी बाहेर ठेवलीय. पाय आता पत्र्यावर घासतो, रंगावर नाही. परदेशात असे पत्रे तयार विकत मिळतात. ट्रंकवाल्यानं मात्र नमुना न बघता, कागदाच्या मापावरून केलाय.

मागचे कोपरेही असेच झाले. यंत्राला शहरातलं गिऱ्हाईक होतं, खेळवाल्यानं त्या गिऱ्हाइकालाच परत पाठवलं. मिस्त्रींची मजुरी जत्रेनंतर.

पाय बसवताना बोल्ट आधी हातानं, मग पान्यानं, चारही पाय थोडे थोडे. बहिरमला मांडलं की आठवड्यानं पाना पुन्हा एकदा फिरवायचा, फेल्ट दबतं.