पेन्शनरांच्या पुण्यातल्या 54 पायऱ्या

(दृश्य : सकाळचे साडेसहा. जिन्यातला पिवळा बल्ब. लोखंडी कठड्यावरून सरकत येणारा हात.)

एरंडवण्यातली ही इमारत 1970 च्या दशकातली. तीन मजले, लिफ्ट नाही. वरून खाली 54 पायऱ्या. आजींना त्या पाठ आहेत. वय 79. शाळेत गणित शिकवायच्या. "नाव नका हं सांगू," म्हणाल्या, "विद्यार्थी भेटतात अजून रस्त्यात."

दिवसातून एकदाच उतरायचं, हा त्यांचा नियम. फिरणं, औषधं, बँक, सगळं त्याच फेरीत. काही राहिलं तर उद्या. किंवा मग गॅलरीतून दोरी सोडायची. टोकाला पिशवी, पिशवीत चिठ्ठी आणि पैसे. खाली कोपऱ्यावरचा वाणी.

(दृश्य : हेलकावे खात खाली येणारी कापडी पिशवी.)

पुण्याला पेन्शनरांचं शहर म्हणायचे, ते उगीच नाही. समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंची, मुंबईसारखी घामाची चिकचिक नाही. छावणी होती, सरकारी कचेऱ्या होत्या. निवृत्त माणूस इथे बंगली बांधायचा, परसात पेरू लावायचा आणि सायकलवर टांग मारून लक्ष्मी रोडला जायचा. 2018 साली केंद्र सरकारच्या राहण्यायोग्य शहरांच्या यादीत 111 शहरांमधून पुणं पहिलं आलं. आजींच्या पायऱ्या अर्थातच कुणी मोजल्या नव्हत्या.

आता रस्त्यावर येऊ. फुटपाथची कड 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नको, असं इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेचं मानक सांगतं. आजींकडे मोजपट्टी नाही, गुडघा आहे. त्यात प्रत्येक बंगल्याच्या फाटकापाशी फुटपाथ खाली उतरतो, पुन्हा वर चढतो. मध्येच दुचाकी लावलेली. आजी सरळ रस्त्याच्या कडेने चालतात.

सिग्नलपाशी मात्र त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. सिग्नलची वेळ काढताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरायची पद्धत आहे. हे ऐकल्यावर म्हणाल्या, "मी 0.8 ने चालते. हा रस्ता 18 मीटर धरा. तुमचे 15 सेकंद, माझे साडेबावीस."

उरलेले साडेसात सेकंद त्या हात वर करून काढतात. रिक्षा थांबते, बहुतेक वेळा.

(दृश्य : कमला नेहरू पार्क. बाकावर चार बायका, एक थर्मास.)

बाकाला पाठ हवी, आणि उठताना धरायला हातही. पण बागेत किती वेळ बसायचं हे बाकावर ठरत नाही, स्वच्छतागृह उघडं आहे का यावर ठरतं. चौघींचंही यावर एकमत. असं एकमत पुण्यात दुर्मीळ.

प्रवासाचं गणित आणखी मजेशीर. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत. म्हणजे आजी रत्नागिरीला फुकट जाऊ शकतात. स्वारगेटपर्यंत रिक्षाला पैसे मोजून. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला. मशीनवर बोट ठेवलं की ठसा उमटतच नाही. "खडूने खाल्ली बोटं," त्या हसतात. हल्ली मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होतं, पण त्याला शेजारचा मुलगा घरी असावा लागतो.

लेक शहराबाहेरच्या मोठ्या संकुलात राहते. लिफ्ट, रॅम्प, गेटवर सुरक्षारक्षक. आजी तिथे महिनाभर राहिल्या आणि परत आल्या. "लिफ्ट होती गं," लेकीला म्हणाल्या, "पण खाली उतरून जायचं कुठे?" औषधाची गोळी आणायलासुद्धा तिथे गाडी काढावी लागायची.

इथे जायला ठिकाणं आहेत, उतरवत नाही. तिथे उतरता येतं, जायला काही नाही. सल्लागारांचे जाडजूड अहवाल वाचण्यापेक्षा आजींचं हे वाक्य ऐकावं, असं आम्हाला चित्रीकरण करताना सारखं वाटत होतं.

(दृश्य : टेबलावर सोसायटीची नोटीस, वर चष्मा.)

आता इमारत पुनर्विकासाला जाते आहे. लिफ्ट मिळेल. बिल्डर तीन वर्षं म्हणतो. तोवर भाड्याच्या घरात, बहुधा दुसऱ्या भागात. दुसरा वाणी, दुसरी बाग. सही रविवारी करायची आहे.

"तीन म्हणजे चार धरा," आजी म्हणतात. "एकोणऐंशी आणि चार."

(दृश्य : दुसऱ्या मजल्याचा चौक. तिथे शेजाऱ्यांनी एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आहे. आजी बसतात. अजून 18 पायऱ्या.)