अंतर एक, वेळा दोन

नमस्कार, श्रोतेहो. टोकियो आणि लॉस एंजेलिस येथील विमानतळांमधले अंतर सुमारे ८,८०० किलोमीटर आहे आणि मोठे प्रवासी विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडते. यावरून साधा भागाकार करून दहा तास हे उत्तर काढले, तर ते जाताना साधारण जुळते आणि परतताना दीड-दोन तासांनी चुकते. ते का चुकते, हे आज पाहू.

प्रथम अंतर. भिंतीवरच्या नकाशात ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच, म्हणजे सुमारे ३५ अंश उत्तर अक्षांशावर दिसतात, त्यामुळे त्यांच्यामध्ये पट्टी धरून ओढलेली रेघ हाच सर्वांत जवळचा मार्ग असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्या रेघेवरून गेल्यास जवळपास ५०० किलोमीटर अधिक पडतात. पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून पाहा. तो उत्तरेकडे वळत सुमारे ४८ अंशांपर्यंत जातो आणि मग खाली उतरतो. छापील अंतर मोजलेले असते ते या दोऱ्यावरून. विमान मात्र त्यावरून तंतोतंत क्वचितच जाते.

याचे मुख्य कारण वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह असतात आणि हिवाळ्यात उत्तर प्रशांत महासागरावर त्यांचा वेग अनेकदा ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातो. ताशी ९०० किलोमीटर हा वेग विमानाचा हवेतला आहे, जमिनीवरून मोजलेला नव्हे. वारा सरासरी ताशी १०० किलोमीटरच धरला, तरी तो पाठीशी असताना हे अंतर पावणेनऊ तासांत सरते आणि समोरून येताना त्यालाच अकरा तास लागतात. म्हणून पूर्वेकडे जाताना वैमानिक हा प्रवाह शोधतात आणि परतताना तो टाळून लांबचा मार्गही पत्करतात. वेळापत्रकातला काळ आणखी थोडा मोठा असतो, कारण त्यात धावपट्टीपर्यंतचे सरपटणेही धरलेले असते.

कधी अडचण वाऱ्याची नसून सीमांची असते. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाले, तेव्हा हेलसिंकी ते टोकियो हा सुमारे नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. दोन्ही विमानतळ मात्र होते तिथेच होते.

आता घड्याळ, कारण खरा गोंधळ तिकीट वाचताना होतो. हिवाळ्यात टोकियोचे घड्याळ लॉस एंजेलिसच्या सतरा तास पुढे असते. सायंकाळी पाच वाजता टोकियोहून निघून दहा तास प्रवास केलेला माणूस त्याच तारखेला सकाळी दहा वाजता उतरतो, म्हणजे कागदावर निघण्याच्या सात तास आधी! अशा तिकिटावरून प्रवासाचा काळ काढायचा असेल, तर दोन्ही वेळा आधी एकाच ठिकाणच्या घड्याळात बदलून घ्याव्यात आणि मगच वजाबाकी करावी.