ट्रॉलरचा डेक: विंच, वायर आणि साचलेलं पाणी

नमस्कार मंडळी. मिरकरवाडा असो, हर्णै असो की ससून डॉक, ट्रॉलर घेऊन जाणाऱ्या तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि खलाशांसाठी आजची ही माहिती. वादळाची बातमी आपण कान देऊन ऐकतो, पण माणसाचा हात शांत समुद्रातही जातो. तो जातो डेकवर, जाळं ओढताना.

आधी विंच, म्हणजे जाळ्याचे दोर आणि वायर ओढणारं यंत्र. आपल्या बऱ्याच बोटींवर ती मुख्य इंजिनावरच चालते. दोरात बोट सापडलं तरी तिला काय त्याचं? ती ओढतच राहते. म्हणून विंच सोडवायचा दांडा तिच्यावर काम करणाऱ्याच्या हाताशी हवा. दांडा केबिनमध्ये आणि तांडेलाला तिथून विंच दिसत नाही, अशी रचना असेल तर ओरडा ऐकू जाईपर्यंत ड्रमचे दोन फेरे होऊन गेलेले असतात. साखळी आणि गिअरवर पत्र्याचं झाकण बसवा. लुंगी, गळ्यातला पंचा, सैल बाह्या तिथे नकोत. विंचच्या डोक्यावर, म्हणजे बाजूच्या फिरत्या गुंड्यावर, दोर धरणाऱ्याने मीटरभर मागे उभं राहावं आणि मोकळा दोर दुसऱ्याने बाजूला नेऊन गुंडाळावा, पायाशी वेटोळं साचू देऊ नये. वेढ्यावर वेढा चढला तर आधी विंच थांबवा, मग हात लावा. ड्रमवर पाचेक वेढे कायम शिल्लक हवेत, नाहीतर सगळा भार टोकाच्या बोल्टवर येतो.

आता जाळं ओढायची वायर. 6 पेडांची, प्रत्येक पेडात 19 तारा, म्हणजे एकूण 114 तारा. वायर 12 मिलिमीटर जाडीची असेल तर कुठलाही 12 सेंटिमीटरचा तुकडा बघा. तेवढ्यात 6 तारा तुटलेल्या दिसल्या की तो भाग बाद. तपासताना हात फिरवू नका, चिंधी फिरवा. तुटलेली तार चिंधीला अडकते. टोकाला डोळा, म्हणजे वायर वळवून फास, करताना तीन क्लॅम्प लावा, दोन क्लॅम्पमध्ये 7 सेंटिमीटर अंतर. इथे चूक हमखास होते: क्लॅम्पची खोगीरासारखी बाजू भार घेणाऱ्या लांब वायरवर यायला हवी आणि यू बोल्ट आखूड टोकावर. उलटं बसवलं तर यू बोल्ट भाराचीच वायर चेपतो. पहिल्या ओढीनंतर नट पुन्हा आवळा, कारण ताण आल्यावर वायर बारीक होते आणि क्लॅम्प सैल पडतो.

जाळं खडकात अडकलं तर लगेच इंजिन न्यूट्रल करा आणि वायरच्या रेषेतून सगळ्यांना बाजूला काढा. बोट आडवी असताना एकाच बाजूच्या वायरवर जोर लावू नका. वायर तुटायच्या आधी बोट कलंडू शकते. ओढ मागच्या बाजूने, मधोमध घ्या.

डेकवरच्या पाण्याला आपण फार हलकं समजतो. 6 मीटर लांब, 4 मीटर रुंद डेकवर 15 सेंटिमीटर पाणी साचलं, तर ते जवळजवळ 3.7 टन भरतं. शिवाय ते एका जागी थांबत नाही. बोट जिकडे कलते तिकडेच धावतं आणि तिला आणखी कलवतं. तरीही बारीक कोळंबी वाहून जाते म्हणून काठाची भोकं लाकडाने बुजवतात! कोळंबी वाचवायची तर भोकाला जाळी लावा आणि दर खेपेनंतर जाळीतला कचरा काढा.

माकुळाची शाई, माशाचा चिकटा, सांडलेलं डिझेल यांवर गमबूटही घसरतो. मासळी निवडून झाली की लगेच समुद्राच्या पाण्याने डेक धुवा, आणि दिवसातून एकदा साबणाच्या पाण्याने घासा. पुढच्या रंगकामात विंचभोवतीच्या ओल्या रंगावर सुकी बारीक वाळू पसरा, वाळल्यावर सुटी वाळू झाडून टाका आणि वरून आणखी एक हात द्या.

एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही. रात्री लघवीला एकटाच मागच्या काठावर गेलेला माणूस पडला, तर इंजिनाच्या आवाजात त्याची हाक ऐकू येत नाही. तिथे कमरेइतक्या उंचीवर पाइपचा कठडा लावा आणि जाताना कोणाला तरी सांगून जा. जाड नारिंगी लाइफ जॅकेट घालून काम होत नाही, हे खरं आहे. मग 50 न्यूटन तरंगशक्तीचं पातळ फोमचं जॅकेट घ्या. मात्र बेशुद्ध माणसाचं तोंड ते पाण्यावर ठेवेलच असं नाही.

माणूस पडलाच तर तीन गोष्टी एकदम. एकाने दोर बांधलेली तरंगती रिंग फेकायची. दुसऱ्याने त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही. तांडेलाने जीपीएसवर जागा नोंदवायची आणि ज्या बाजूला माणूस पडला त्याच बाजूला बोट वळवायची, म्हणजे मागचा पंखा त्याच्यापासून दूर जातो. जाळं पाण्यात असेल तर बोट अशी वळत नाही. तेव्हा इंजिन न्यूट्रल करा. तो जवळ आला की पंखा थांबलाच पाहिजे. भिजलेल्या माणसाला काठावरून उचलणं सोपं नसतं, त्यामुळे दोराची शिडी आधीपासूनच बांधून ठेवा.

मदतीसाठी व्हीएचएफ रेडिओचा 16 नंबर चॅनेल, आणि फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554. बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, माणसं किती, हे सांगा. आणि जीपीएसवरचे दोन्ही आकडे, आधी अक्षांश, मग रेखांश, सावकाश दोनदा वाचा.