चार कट्टे झाले की उठायचं

[दृश्य: सोलापूर, विडी घरकुल. दारातून येणारा सकाळचा उजेड. मांडीवरचं सूप, बोटांची हालचाल अगदी जवळून.]

मापात कापलेलं तेंदूचं पान. त्यावर चिमूटभर तंबाखू. दोन्ही हातांच्या बोटांत एक वळण, दोऱ्याचा वेढा, तोंड मुडपलं की विडी तयार. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, हजार विड्यांचे चाळीस कट्टे. या कामात बोटं आठ-दहा तास थांबत नाहीत आणि बाकीचं अंग हलत नाही. मान खाली, खांदे पुढे, मांडी घातलेली. संध्याकाळी उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो.

अशा बाईला "मावशी, रोज अर्धा तास चालत जा" असं सांगायला काही लागत नाही. पण मजुरी नगावर आहे. सलग अर्धा तास गेला की दोन-अडीच कट्टे गेले, आणि त्यात घरचा स्वयंपाक आहेच. म्हणून ध्येय तिच्या कामाच्या हिशेबातच बसवायचं: चार कट्टे झाले की उठायचं.

[दृश्य: सूप बाजूला ठेवून उठणारी बाई. भिंतीला टेकलेले हात. उचललेल्या टाचा.]

शंभर विड्यांना साधारण पाऊण ते एक तास लागतो. तेवढा वेळ झाला की सूप खाली ठेवायचं. खांदे मागच्या दिशेने दहा वेळा फिरवायचे. हनुवटी आत ओढून पाच अंक मोजायचे, असं पाच वेळा. भिंतीला हात टेकून टाचा दहा वेळा उचलायच्या, सावकाश खाली आणायच्या. मग दारापर्यंत जाऊन परत. दोन मिनिटांचं काम. जमिनीवरून उठताना गुडघा कळवळत असेल तर बसायलाच पाट किंवा बुटकं स्टूल घ्यावं; गुडघ्याला पडणारा वाक कमी होतो. दिवसात आठ-दहा वेळा उठणं झालं की सोळा ते वीस मिनिटं अंग हललं. एकरकमी अर्धा तास निघत नाही, दोन-दोन मिनिटं निघतात.

यात घड्याळ नाही, अ‍ॅप नाही, आठवण करून द्यायला कुणी लागत नाही. कट्टे तर मोजायचेच असतात.

आता हे "वजन कमी करायचंय" किंवा "फिट व्हायचंय" याच्या शेजारी ठेवून बघा. वजन हा परिणाम आहे. काट्यावरचा आकडा मीठ, पाणी, पाळी, पोट साफ होणं यांवर एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतो. आठवडाभर नेमाने चाललेल्या माणसाला काटा वाढलेला दिसतो आणि तो बूट कोपऱ्यात ठेवतो. ध्येय कृतीचं ठेवावं: काय करायचं, कशानंतर करायचं, किती करायचं. तिन्ही गोष्टी एका वाक्यात मावल्या पाहिजेत. "रात्रीचं जेवण झालं, ताट घासायला टाकलं, की गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं." हे ध्येय झालं. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची चाल रक्तातली साखर चढण्याचा वेगही कमी करते, त्यामुळे घरात मधुमेह असेल तर हीच वेळ धरावी.

[दृश्य: पूर्व भागातला यंत्रमाग कारखाना. खडखडाट. दोन मागांमधली चिंचोळी वाट.]

"आम्ही बारा तास उभेच असतो, आम्हाला कसला व्यायाम?" यंत्रमागावरच्या कामगाराचा हा प्रश्न रास्त आहे. चादरीच्या, टॉवेलच्या मागावर तो दिवसभर फिरतो. तुटलेला धागा जोडतो, पुढच्या मागाकडे जातो. पाऊलं मोजली तर भरपूर निघतील. पण ही चाल तुटक असते, श्वास वाढत नाही. उभं राहून पायातलं रक्त खाली साचतं, पोटऱ्या जड होतात, शिरा फुगतात. अशा माणसाला सुट्टी झाल्यावर पुन्हा तासभर चालायला लावू नये. त्याचं पहिलं ध्येय मागाजवळच आहे: डबा खायला बसण्याआधी वीस वेळा टाचा उचलणं, आणि घरी गेल्यावर दहा मिनिटं पाय उशीवर, छातीच्या पातळीच्या वर. चालणं सुट्टीच्या दिवसासाठी ठेवावं, धुळीबाहेर, मोकळ्या हवेत.

चाल व्यायामाची झाली की नाही हे कसं ओळखायचं? चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. बोलताही येईना, तर तो जोराचा. पावलांच्या हिशेबात मिनिटाला साधारण शंभर पावलं म्हणजे मध्यम वेग, दहा मिनिटांत हजार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची, असं माप आहे. शिवाय आठवड्यात किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. आधी एक अट होती, की सलग दहा मिनिटं केलं तरच ते धरायचं. ती आता काढली आहे. तीन मिनिटांचा जिनाही हिशेबात धरला जातो.

आणि दहा हजार पावलं? तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्रामुळे रूढ झाला. कुणी दवाखान्यात बसून काढलेला नाही. पुढच्या अभ्यासांत साठीपुढच्या लोकांना सहा ते आठ हजारांपर्यंत फायदा वाढत गेलेला दिसला, त्यानंतर फारसा नाही.

[दृश्य: पहाटेचं होम मैदान. फेऱ्या मारणारी माणसं. एका हातात फोन, त्यावर पावलांचा आकडा.]

चालायला सुरुवात करणाऱ्याने पहिला आठवडा काहीच वाढवायचं नाही. फक्त लिहायचं. फोन खिशात ठेवून नेहमीसारखं वागायचं आणि रात्री आकडा कॅलेंडरवर टिपायचा. फोन चार्जिंगला लावून घरभर फिरलं तर आकडा खोटा येतो, तेवढं सांभाळावं. सात दिवसांची सरासरी निघाली, समजा २८००, की पुढच्या आठवड्याचं ध्येय ३३००. पाचशे पावलं म्हणजे पाच मिनिटं. यावर लोक हसतात, आणि इथेच घोटाळा होतो. २८०० वरून एकदम दहा हजारांवर उडी मारली की चौथ्या-पाचव्या दिवशी नडगीच्या पुढच्या भागात दुखायला लागतं, किंवा सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत सणक येते. हृदयाला, फुप्फुसाला वाढीव काम लवकर झेपतं. स्नायूबंध आणि हाडं यांना आठवडे लागतात. सपाट तळव्याची स्लीपर असेल तर दुखणं आणखी लवकर येतं. मागून पट्टा असलेली, टाचेखाली थोडी जाड, बोटांच्या जागी वाकणारी चप्पल किंवा बूट पुरे. महागडं काही लागत नाही. दुखलं तर अंतर निम्मं करावं, आठवडाभर तेवढंच ठेवावं. दुखणं बोट ठेवून दाखवता येईल इतकं एकाच जागी असेल, तर डॉक्टरला दाखवावं.

मकर संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत जे नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पेलतात, त्यांचा सराव यात्रेआधी कित्येक दिवस चालतो. एवढी उंच काठी तोल सांभाळत मिरवणं एका दिवसात अंगात येत नाही, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. स्वतःच्या पायांच्या बाबतीत मात्र तो हे विसरतो.

[दृश्य: स्वयंपाकघर. मिठाचा डबा. शेंगा चटणीवर तेलाची धार.]

खाण्याच्या ध्येयात सोलापूरची बाजू मुळात भक्कम आहे. ज्वारीची भाकरी रोजची, डाळ रोजची. ती बदलून ओट्स आणायची काही गरज नाही. शेंगा चटणीलाही उगीच आरोपी करू नये. शेंगदाण्यात साधारण चौथा हिस्सा प्रथिनं असतात. पण जवळपास निम्मं तेलही असतं, आणि त्यावर आपण पुन्हा तेल घालतो. ध्येय एवढंच: चटणी हवी तेवढी, वरून तेल नाही. मऊ करायची असेल तर दह्यात कालवावी.

मिठाचं मात्र मोजमाप करावं. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, ही मर्यादा. ताटातलं मीठ कुणी तोलत बसणार नाही, म्हणून डबा मोजायचा. चार माणसांचं घर: चार गुणिले पाच गुणिले तीस, म्हणजे महिन्याला ६०० ग्रॅम. एक किलोची पिशवी उघडली त्या दिवशी पिशवीवर पेनाने तारीख घालायची. घरी सगळे जेवत असतील तर ती पन्नास दिवस पुरली पाहिजे. पस्तीस दिवसांत संपली, की पुढची चाळीस दिवस पुरवायची, त्यापुढची पंचेचाळीस. पापड, फरसाण, लोणचं यांतून येणारं मीठ यात धरलेलं नाही. भाकरीच्या पिठातलं मीठ आधी काढावं, ते कुणाच्या लक्षात येत नाही. आमटीतलं एकदम कमी केलं की घरात बोंब होते आणि प्रत्येक जण वरून मीठ घेतो, मग डबा आणखी लवकर संपतो.

चहाचं गणित साधं. कपाला दोन लहान चमचे साखर म्हणजे सुमारे दहा ग्रॅम; पाच कप झाले की पन्नास. दहा दिवसांनी पाव चमचा, अशा चालीने उतरावं. जिभेला कळत नाही.

[दृश्य: बिनहाताची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवलेली. छातीवर हातांची घडी घालून उठणारे आजोबा.]

ताकदीचा व्यायाम म्हटलं की तालीम किंवा जिम डोळ्यांपुढे येते. घरची खुर्ची पुरते. ती भिंतीला टेकवायची म्हणजे सरकत नाही. हात छातीवर, पावलं खांद्यांइतकी लांब, पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं. तीस सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजायचं. साठ ते चौसष्ट वयात पुरुषांचे चौदाहून कमी, बायकांचे बाराहून कमी होत असतील तर पायांची ताकद कमी पडते आहे, पडण्याचा धोका आहे. पाच वेळा, दिवसातून दोनदा, ही सुरुवात. दर आठवड्याला एक वाढवायचं. बसताना धपकन बसलं तर निम्मा व्यायाम वाया गेला. खाली जाताना मनात तीन मोजावेत. गुडघे आत वळत असतील तर पावलांमधलं अंतर थोडं वाढवावं.

सवय एकवीस दिवसांत लागते, असं सर्रास सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१० मध्ये ९६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काम आपसूक होऊ लागायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ निघाला; कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर आपल्यातच काही खोट आहे असं समजू नये.

[दृश्य: गल्लीत नळाला पाणी. घागरी, पिंप, मोटारीचा आवाज.]

दिवस चुकवणाऱ्या गोष्टी इथे ठरलेल्या आहेत, त्यामुळे त्यांची सोय आधीच करता येते. पाणी काही दिवसांआड येतं; पाण्याच्या दिवशी सकाळ गेलीच. त्या दिवसासाठी ध्येयाची छोटी आवृत्ती ठेवावी: चालायला जाणं नाही, खुर्चीवरून पाच वेळा उठबस. भरलेल्या घागरींची ने-आण झाली असेल तर तीही धरावी, पण कमरेत वाकून उचलू नये, गुडघ्यात वाकून घागर पोटाशी घ्यावी.

एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि संध्याकाळी सातलाही रस्ता तापलेला असतो. त्या दोन महिन्यांत चालणं सकाळी सातच्या आत संपवावं, नाहीतर घरातच करावं. चालताना चक्कर, मळमळ, पोटरीत गोळे आले तर तिथेच सावलीत बसावं, पाणी प्यावं, त्या दिवशी पुढे जाऊ नये. भटक्या कुत्र्यांमुळे पहाटे निघणं जमत नसेल, आणि पुष्कळांचं कारण तेच असतं, तर रस्ता सोडून मैदान किंवा कंबर तलावाचा परिसर गाठावा, उजाडल्यावर निघावं. जानेवारीत होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची जत्रा, भरतो तेव्हा फेऱ्यांची जागा जाते. डिसेंबरातच दुसरी वाट ठरवून ठेवली नाही, तर पंधरा दिवसांची सुट्टी महिनाभर लांबते.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांनी उपाशीपोटी चालायला निघू नये. आपल्या गोळीचं डॉक्टरला विचारून घ्यावं. खिशात साखरेची पुडी असावी. हात थरथरले, गार घाम आला, तर तीन लहान चमचे साखर तोंडात टाकून बसायचं. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असं काही झालं तर घरी जाऊन पडू नये, थेट दवाखाना गाठावा.

तापाने किंवा लग्नसराईने दोन आठवडे खंड पडला, तर सोडलं होतं त्या आकड्यावरून सुरू करू नये. ५००० वर सोडलं असेल तर ३५०० वरून धरावं आणि पुन्हा पाचशे-पाचशेने चढावं. तीन आठवड्यांत आपण जुन्या जागी येतो. कॅलेंडरवर मधले रिकामे चौकोन तसेच राहू द्यावेत.