फळ गेलं, फळी राहिली

नमस्कार मंडळी. आज वाइनबद्दल बोलायचंय. प्यायला कायद्याने २१ वर्षं पूर्ण हवीत, ऐकायला वयाची अट नाही.

राज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि नाशिकच्या आसपास, गंगापूर धरणाकडे, दिंडोरीकडे वायनरी उभ्या राहिल्या. आता तिथे टेस्टिंगला सगळेच जातात. चार-पाच ग्लास पुढे येतात, प्रत्येकात दोन घोट. यातली कुठली बाटली पैशाला जागते, हे कसं ओळखायचं? आधी वास, मग घोट, आणि घोट गेल्यावर थांबायचं, चव किती वेळ टिकते ते बघायचं; जितकी टिकेल तितकी बाटली चांगली. पुन्हा सांगतो: वास, घोट, आणि थांबायचं. अंगाला अत्तर फासून जाऊ नका, चिवडा खाऊन जाऊ नका. नाशिकचा चिवडाही आता पूर्वीसारखा झणझणीत कुठे मिळतो म्हणा! दाणे कमी, पोहे जास्त. असो.

तर फेब्रुवारीत मी आमच्या मामांना घेऊन एका वायनरीत गेलो. मामांची पिंपळगाव बसवंतला थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची बाग. टेस्टिंगवाल्या मुलीने ग्लास मांडायच्या आत मामांनी विचारलं, "ताई, शुगर कितीला तोडता?"

"बावीस ते चोवीस टक्क्यांना, मामा."

मामा सरसावून बसले. खायचा माल अठराच्या आसपास निघतो. वाइनला साखर जास्त लागते, तिचंच पुढे अल्कोहोल होतं. तिने शिराझचा, म्हणजे रेड वाइनच्या द्राक्षाचा घड दाखवला, तर मण्यांकडे बघून मामा कळवळले. "एवढुसे? जीए मारत नाही का?" जीए म्हणजे मणी फुगवायचं औषध. ती म्हणाली, मणी बारीकच हवा, रेडचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, आणि बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त. मामांना हे पटलं, पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

पहिला ग्लास सोव्हिन्यों ब्लां, ही व्हाइट वाइन. शेजारच्या टेबलावर पॅशनफ्रूट, लेमनग्रास असं काय काय चाललेलं. मामांनी नाक खुपसलं. "कच्चा पेरू. फोडल्या फोडल्या येतो ना, तो वास." ती मुलगी बघतच राहिली, कारण तिच्या कागदावरही पेरूच होता. मग मी थुंकायच्या भांड्यात थुंकलो, गाडी मला चालवायची होती. मामा म्हणाले, "पैसे देऊन थुंकायचं?" त्यांनी एक थेंब थुंकला नाही.

घोट गिळला की मामा डोळे मिटून अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवायचे, जपाला बसल्यासारखे. चव जाईपर्यंत मोजायचे. साडेसातशेची शेनिन ब्लां, तीही व्हाइटच, सात पेरं टिकली. शेवटी आली अठराशेची रिझर्व्ह रेड, उचलायला दोन हात लागावेत अशी जाड बाटली. वास व्हॅनिलाचा, थोडा खोबऱ्याचा. मामांचा अंगठा तिसऱ्या पेरावर थांबला.

"फळ गेलं," मामा म्हणाले, "फळी राहिली."

ओकच्या पिंपात मुरवली की व्हॅनिलाचा तो वास लाकडातून उतरतो. द्राक्षात दम असेल तर शोभतो, नसेल तर आपण लाकूड पितो. मामांनी तिथेच हिशोब मांडला. पिंप २२५ लिटरचं, म्हणजे ३०० बाटल्या. फ्रान्सचं पिंप लाखाच्या घरात, ती मुलगीच म्हणाली. "म्हणजे बाटलीमागे सव्वातीनशे-साडेतीनशे लाकडाचे. आणि पिंप किती हंगाम वापरता?" तीन-चार, ती म्हणाली. "मग शंभरावर आलं. वरचे पैसे कशाचे, ताई?" तिने ती जाड बाटली उचलून दाखवली आणि हसली. मंडळी, काचेचं वजन वाइनच्या चवीत उतरत नाही. ध्यानात ठेवा, काचेचं वजन चवीत उतरत नाही.

व्हाइट थंड करून प्यायची वगैरे तुम्हाला माहीत आहेच, त्यात वेळ घालवत नाही.

मामांनी शेनिनच्या दोन बाटल्या घेतल्या. डिकीत ठेवू दिल्या नाहीत, "उन्हाने शिजतील" म्हणाले. ओल्या टॉवेलात गुंडाळून पायाशी धरल्या आणि एसीच्या दोन्ही जाळ्या बाटल्यांकडे वळवल्या. ओझर येईपर्यंत मी घामाने निथळत होतो.