कडा सोडून आतून

[दृश्य : पहाट. कात्रज डेअरीच्या फाटकातून आत येणारे दुधाचे टँकर]

आज आलेलं दूध ठरावीक. यंत्रांचे तास ठरावीक, शीतगृहातली जागाही. मग दही किती लावायचं, श्रीखंड किती, तूप किती, म्हणजे फायदा सर्वांत जास्त होईल? ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे मर्यादित साधनांतून सर्वोत्तम निर्णय काढण्याचं गणित, त्यातले कितीतरी प्रश्न असेच असतात.

या सगळ्या मर्यादा भिंतींसारख्या उभ्या केल्या, की अनेक पैलूंचा एक घन तयार होतो. सर्वोत्तम उत्तर त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर सापडतं. 1947 साली अमेरिकन गणिती जॉर्ज डँट्झिग यांनी सिम्प्लेक्स पद्धत दिली : नफा वाढेल त्या कडेने शेजारच्या कोपऱ्यावर जात राहायचं. व्यवहारात ती उत्तम चालते. पण 1972 मध्ये क्ली आणि मिंटी या गणितींनी असा घन रचून दाखवला, की सिम्प्लेक्सला एकूण एक कोपरा पालथा घालावा लागतो. पन्नास चलं (दही किती, तूप किती अशा ठरवायच्या पन्नास राशी) घेतली तर 1,100 लाख कोटींहून जास्त कोपरे!

[दृश्य : फळ्यावर घन, त्याच्या पोटातून जाणारी रेषा]

1984. अमेरिकेतली बेल लॅब्ज ही संशोधन प्रयोगशाळा. आयआयटी मुंबईत शिकलेले, बर्कलीला संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांच्याकडे पीएचडी केलेले नरेंद्र करमरकर कडा सोडतात आणि घनाच्या आतून वाट काढतात. आतून जाताना भिंत जवळ आली की पाऊल आखूड पडतं. म्हणून ते प्रत्येक पावलाआधी सगळा आकारच असा बदलतात, की आपण उभे आहोत तो बिंदू मधोमध येतो. तिथून कुठल्याही दिशेला ऐसपैस पाऊल टाकता येतं. टाकायचं, पुन्हा आकार बदलायचा. किती सुंदर कल्पना आहे ही!

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. 1988 मध्ये बेल लॅब्जची मालक कंपनी एटी अँड टीला या रीतीचं पेटंट मिळालं. गणिताच्या रीतीवर कंपनीची मालकी, हे मनाला पटत नाही. शिवाय सोव्हिएत गणिती डिकिन यांनी आतून जाणारी एक रीत 1967 सालीच मांडली होती, हेही सांगायला हवं. आपल्या रीतीत कितीही अवघड गणितात पावलांची संख्या आटोक्यातच राहते, क्ली-मिंटीच्या कोपऱ्यांसारखी फुगत नाही, ही सिद्धता मात्र करमरकरांची.

[दृश्य : पुणे. महासंगणकाची कपाटं]

पुढे करमरकर मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मध्ये प्राध्यापक झाले. मग टाटा सन्सच्या पाठबळावर त्यांनी पुण्यात कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज उभी केली. याच प्रयोगशाळेचा ‘एका’ महासंगणक नोव्हेंबर 2007 च्या सर्वांत वेगवान महासंगणकांच्या जागतिक यादीत चौथा आला.

अशी गणितं सोडवणाऱ्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये सिम्प्लेक्सही असते आणि ‘बॅरियर’ नावाने आतली वाटही. प्रचंड मोठ्या गणितांना बहुधा बॅरियर लावतात. उत्तर जवळ आलं की क्रॉसओव्हरने, म्हणजे आतून कोपऱ्यावर उतरण्याच्या पायरीने, कोपरा गाठायचा, आणि तिथून उरलेलं काम सिम्प्लेक्सचं.